रिपोर्ट हातात येण्याआधी

चि. सोनूस,

शाळेने लेकाचा ‘आयक्यू करून आणा’ म्हणून सांगितलंय आणि तू विचारतेस, कुठे करू. पत्ता देते, पण त्याआधी बाईंना भेट आणि विचार, की नेमकं काय शोधायचंय? डॉक्टरांनी नुसतं ‘रक्त तपासून आणा’ म्हणावं आणि कशासाठी ते लिहूच नये, तशी ही मागणी आहे. तो वाचताना अडतो, आकडे उलटे लिहितो, वर्गात खिडकीबाहेर बघत बसतो, असं तू लिहिलंस. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची तपासणी वेगळी. एका आयक्यूमध्ये तिन्हींचं उत्तर निघत नाही.

आकड्यांचंच घे. मी फळ्यावर ‘अडुसष्ट लिही’ म्हटलं की दुसरीतली कितीतरी मुलं आधी आठ काढतात, कारण कानावर आधी ‘अड’ पडतो, आणि मग सहा. झाले शहाऐंशी. त्याच मुलाला ‘सिक्स्टी एट’ म्हणून बघ. बरोबर आलं, तर निदान त्या चुकीचं मूळ आपल्या मोजण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता जास्त. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘साठ आठ’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? टिंगल करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दुसरीतल्या पोराला आकडे लिहिताना जवळून पाहिलं असेल. बाकी b आणि d ची अदलाबदल सातव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांची होते. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

तरी चाचणीआधी पहिलं काम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, दुसरं कानांच्या. हसू नकोस. चष्मा लागल्यावर ‘लक्ष नसणं’ नाहीसं झालेली मुलं मी पाहिली आहेत.

मग मानसशास्त्रज्ञ. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, ते स्पष्ट विचार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ती लागते आणि खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. शाळेत कुणी बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणारी डीएमआयटी घेऊन आलं, तर पैसे वाचव. ठशांवरून बुद्धी कळते याला काडीचा शास्त्रीय आधार नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ते जाहीरपणे सांगितलंय.

चाचणी कोणती वापरणार हेही विचार. आपल्याकडे बिने-कामत अजून सर्रास वापरतात. डॉ. कामतांनी 1930 च्या दशकात धारवाड भागातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली, त्या काळात फार मोठं काम होतं ते. नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी 1969 च्या सुमारास तयार केली. पण गुण ठरतात ते ज्या मुलांशी तुलना केली त्यांच्यावरून. कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली, की आकडा फुगण्याचा धोका असतो. शिवाय तुझा लेक घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी. शब्दांचे प्रश्न कुठल्या भाषेत विचारले, तो मध्येच मराठीत बोलला तर ते धरलं का, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं.

त्याला घरून तयारी करवून नेऊ नकोस. प्रश्न फोडले की चाचणी निकामी होते, म्हणून मीही तुला सांगणार नाही. मात्र एक गोष्ट त्याला नक्की सांग. यातल्या बहुतेक उपचाचण्या सोप्यापासून सुरू होतात आणि मूल ओळीने काही प्रश्न चुकेपर्यंत चालतात. म्हणजे प्रत्येक भाग संपतो तो त्याला येत नाही तिथे. बाहेर येताना हुशार पोरसुद्धा म्हणतं, ‘मला काहीच आलं नाही.’ आधीच सांगून ठेव की शेवटचे प्रश्न मोठ्या मुलांचे असतात. सकाळी, पोट भरलेलं असताना ने. सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घे.

आता आकडा. सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण दोनतृतीयांश लोक 85 ते 115 च्या दरम्यान येतात. 92 आला, तर खरा आकडा चार-पाच इकडे किंवा तिकडे असू शकतो. त्यामुळे 92 आणि 96 वाल्या चुलतभावंडांची तुलना कुणी सुरू केली, तर विषय बदल. 1905 मध्ये पॅरिसला बिने आणि सिमॉन यांनी पहिली मोजपट्टी केली ती कुणाला जास्तीची मदत लागेल हे शोधायला. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. जन्मभराचा शिक्का पुढे अमेरिकेतल्या मंडळींनी मारला.

तपासणीत लर्निंग डिसॅबिलिटी निघाली, तरी 2018 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नसे. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असे. आत्ताचा नियम विचारून घे. बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर खासगी रिपोर्ट पुरत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचाच लागतो. पण वाचनाची मदत सुरू करायला कुठलाच कागद लागत नाही. ती याच आठवड्यात सुरू कर.

आता तुझं स्वतःचं. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांवरून तुला एडीएचडी आहे असं तू ठरवून टाकलंस. असेलही. पण त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून नीट तपासणारा माणूस तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं मागेल, तुझ्या आईशी बोलेल, झोप आणि थायरॉइडची चौकशी करेल. ताईने तुझी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली आहेत, मला माहीत आहे.

आणि सासूबाई. स्मरणशक्तीच्या तपासणीत त्यांना तारीख आली नाही, शंभरातून सात-सात वजा करता आले नाहीत, म्हणून घरात सगळे हवालदिल झालात. त्या चौथीपर्यंत शिकल्या. आज तिथी कोणती, एकादशी कधी, हे विचारलंत का? हरियाणात बल्लभगडला न शिकलेल्या वृद्धांसाठी या चाचणीचं हिंदी रूप बनवावं लागलं ते याच अडचणीमुळे. मात्र गॅस बंद करायला विसरतात, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळतात असं होत असेल, तर अंगावर काढू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. बी-12 आणि थायरॉइड आधी तपासून घ्या. मन खचलेलं असलं तरी म्हातारी माणसं विसरतात आणि सासरे जाऊन वर्षही झालेलं नाही.

लेकाचा रिपोर्ट आला की पहिल्या पानावरचा आकडा सोड आणि ‘चाचणीदरम्यानचं वर्तन’ आणि ‘शिफारशी’ हे दोन भाग वाच. शिफारशींमध्ये नुसतं ‘समुपदेशन आवश्यक’ असेल, तर परत जा आणि बसून नीट समजावून घे. आपण फी दिलेली असते. शाळेला पूर्ण रिपोर्ट देऊ नकोस, त्यात घरातलंही बरंच काही असतं. वर्गात काय करायचं याचं एका पानाचं पत्र वेगळं मागून घे. तपासणीला जाताना त्याच्या दोन-तीन वह्या, जुन्याही, बरोबर घे.

पत्ता आणि फोन नंबर रविवारी आलीस की देते.

तुझी
मावशी