किमची आणि धारवाडची पंगत

हुबळी-धारवाडच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना किमची हे नाव आता कोरियन मालिकांमुळे नवे राहिलेले नाही. उद्या एखाद्या शाकाहारी घरातल्या मुलीला परक्या संस्कृतीतल्या मित्राने कोरियन जेवणाला बोलावले, तर तिच्यापुढे पेच उभा राहतो: नाही म्हणावे तर मित्राचा अपमान, खावे तर घरची रीत मोडते. मला हा पेच खरा वाटत नाही. पदार्थ नाकारणे वेगळे आणि माणसाला पंगतीतून उठवणे वेगळे. धारवाडला तरी हा फरक सांगावा लागू नये. गायिका गंगूबाई हनगल यांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. श्रीमंत शेजाऱ्याच्या बागेतले आंबे चोरले म्हणून त्यांना बोलणी खावी लागली. पण त्याला चोरीपेक्षा जास्त झोंबले होते ते गाणारणीच्या मुलीने बागेत पाऊल टाकणे. पुढे तीच माणसे त्यांना जेवायला बोलावू लागली. पानात काय वाढले होते, याचा त्या आठवणीत उल्लेखही नाही.

कोरियन घरात मधोमध जिगेचे, म्हणजे दाटसर रश्श्याचे, उकळते भांडे असते, भोवती वाट्यावाट्यांतून बानचान, म्हणजे तोंडीलावणी, आणि त्यातून सगळेच उचलतात. जिगेत तर पुष्कळदा प्रत्येकाचा चमचा त्याच भांड्यात जातो; उष्ट्याखरकट्याचा विचार करणाऱ्याला हे जड जाणारच. शिवाय किमची दिसते कोबी-मिरचीची, पण तिच्यात बहुधा माशाचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते. रश्श्याचे पाणीही अनेकदा सुक्या मासळीत उकळलेले असते. ‘यात मांस नाही’ असे यजमान मनापासून सांगेल, तरी ते पुरे नाही. म्हणून पाहुण्याने मोकळेपणी विचारावे आणि यजमानाने काही न लपवता सांगावे. कोरियातल्या बौद्ध विहारांत मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तेव्हा पथ्य पाळणारा पाहुणा त्या संस्कृतीलाही परका नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मी हे खात नाही’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘तुझ्या हातचे खात नाही’ याचेच सभ्य रूप होते. आक्षेप रास्त आहे, आणि तो शब्दांनी फेडता येत नाही. तीच मुलगी त्या मित्राला आपल्या घरी ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, खायला बोलावते का, त्याचा पेला वेगळा ठेवला जातो का, यावरूनच तिच्या नकाराचा अर्थ लागेल. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही. ते मान्यच करायला हवे. एका संध्याकाळच्या जेवणाने कोणी समतावादी होत नाही. पण म्हणून त्या जेवणाकडून कमी मागावे असे ठरत नाही, उलट जास्तच मागायला हवे. कारण ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न पाहुण्याच्या सोयीसाठी विचारणारेच लोक भाड्याची खोली देताना तोच प्रश्न दारात अडवण्यासाठी विचारतात, आणि त्या दारात अनेकदा त्यांच्या मुलीचा तोच मित्र उभा असतो.