योगक्षेमाचा भार

धुळ्याच्या तुरुंगात 1932 सालच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते बोलणे उतरवून घेत, ही हकीकत खानदेशातल्या माणसाला नव्याने सांगावयास नको. परंतु त्या अठरा प्रवचनांचा विषय असलेल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील चार अक्षरांचे एक पद, योगक्षेम, पुढे 1956 साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हासाठी घेतले, आणि भक्ताच्या अंतःकरणातला शब्द हप्त्याच्या पावतीवर छापला जाऊ लागला, या गोष्टीचा विचार आपण फारसा केलेला नाही. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले राखणे हे क्षेम, असा अर्थ शंकराचार्यांनी लावला आहे. गीतेत हा भार देव उचलतो आणि त्याबद्दल अनन्यतेची अट घालतो. विम्याच्या कागदावर तो कंपनी उचलते आणि दोन अटी घालते, हप्ता वेळेवर भरण्याची आणि खरे बोलण्याची. देव आणि कंपनी यांच्या दरम्यान भार वाहणारा आणखी एक तिसरा आहे, आणि त्याच्याविषयीच मला लिहावयाचे आहे. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी घरातला एक प्रसंग सांगणे भाग आहे.

2023 सालच्या उन्हाळ्यात माझ्या मामांच्या छातीत दुखू लागले. अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून धुळ्याच्या एका खाजगी रुग्णालयात त्यांना आणले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरने, साखर किती वर्षांपासून आहे, असे विचारले; मामांनी एक हात छातीवर तसाच ठेवून दुसरा हलवीत सांगितले, "व्हई ग्यात आठ-धा वरीस." केसपेपरवर 'मधुमेह, 10 वर्षे' अशी ओळ पडली. दोन स्टेंट बसले, मामा बरे झाले, आणि घरी सोडण्याच्या दिवशी कॅशलेसच्या खिडकीवर सकाळी दहापासून बसलेल्या आम्हांला प्रथम 'क्वेरी आली आहे' आणि मग दुपारी तीनच्या सुमारास 'क्लेम रिजेक्ट झाला' असे सांगण्यात आले. सबब अशी की, 2020 साली विमा घेताना मधुमेह नाही असे लिहून दिले होते, आणि आता रुग्ण स्वमुखाने दहा वर्षे सांगतो. म्हणजे पूर्वीचा आजार दडविला. मामींच्या हातातल्या पाटल्या त्याच संध्याकाळी गहाण पडल्या.

वस्तुतः मामांची साखर प्रथम 2021 साली गावातल्या डॉक्टरांना आढळली होती आणि त्यांची तारखेनिशी चिठ्ठी बँकेच्या पासबुकात घडी घालून ठेवलेली होती. 'आठ-धा वरीस' हे मामांच्या तोंडी कालमापन नव्हतेच. विहीर खणली त्यालाही आठ-धा वरीस झाली, थोरल्या बहिणीचे लग्न झाले त्यालाही तितकीच झाली. जे मनात जुने झाले त्याला ही एकच मुदत. वेदनेत असलेल्या माणसाने आपल्या बोलीत जे सांगितले ते खोटे नव्हते, आणि कागदावर उतरताच ते असत्य ठरले. मी दरखास्त लिहिली, चिठ्ठीची प्रत जोडली, दोनदा स्मरणपत्र धाडले, आणि चार महिन्यांनी रक्कम मंजूर होऊन आली. त्या चार महिन्यांत ज्या प्रश्नाने मला सोडले नाही तो पैशाचा नव्हता. सत्य बोलण्याची अट जो घालतो, त्याच्यावर सत्य ऐकून घेण्याचे कर्तव्य येते की नाही?

विम्याच्या कायद्यात परम विश्वासाचे जे तत्त्व आहे ते लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशाने 1766 साली सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या दाव्यात मांडले. विमा घेणाऱ्याला आपली स्थिती ठाऊक असते, देणाऱ्याला ती ठाऊक नसते, म्हणून घेणाऱ्याने काही लपवू नये, हा त्याचा परिचित अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की हे बंधन दोन्ही पक्षांवर सारखेच आहे. या दुसऱ्या अर्ध्याचा विसर पडला की विश्वासाचे तत्त्व दुर्बलाविरुद्ध वापरावयाचे हत्यार बनते. विमा घेतानाच्या फॉर्मचा छापील मजकूर इंग्रजीत, भरणारा एजंट, सही करणारा अहिराणी बोलणारा शेतकरी, आणि तीन वर्षांनी त्या सहीचा अर्थ लावणारा कारकून त्याला कधीही न पाहिलेला; अशा साखळीत सत्य शेवटपर्यंत अखंड पोहोचावे अशी अपेक्षा करणाऱ्यानेच प्रत्येक कडी तपासली पाहिजे.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला विमा ही वस्तू परकी नाही. रावेर-यावलच्या केळीबागांना हवामानावर आधारित पीक विमा मिळतो, आणि त्याची रीत मेडिक्लेमच्या नेमकी उलट आहे. तिथे थंडी-उष्णतेच्या बाबतीत तुमच्या बागेतले किती खांब करपले हे मुळात विचारीत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्राने थंडी किंवा उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदविली की त्या मंडळातले सर्व विमाधारक पात्र, आणि न नोंदविली तर ज्याची बाग डोळ्यांदेखत करपली तोही अपात्र. यात अन्याय उघड आहे. त्याविरुद्ध तक्रारी होतात आणि त्या रास्त आहेत. पण या व्यवस्थेत एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. ती कोणाच्याही पूर्वेतिहासात शिरत नाही, कोणाला खोटा म्हणत नाही, आणि एका आभाळाखाली राहणाऱ्यांचे भाग्य एक मानते. मेडिक्लेम प्रत्येकाची नाडी स्वतंत्र पाहते आणि म्हणून अधिक न्याय्य असावयास हवी. मात्र माणूस जितका अधिक न्याहाळावा तितका तो इतरांपासून सुटा होत जातो, ही त्या न्यायाची किंमत आहे.

या सुटे होण्यापाशीच तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या गावात देशभरातले विद्वान अद्वैताचा अभ्यास करीत राहिले. मी आणि दुसरा हा भेद अंतिम नव्हे, हा सिद्धान्त तिथल्या ग्रंथालयात जसा होता तसा बाजारात यावयाचा नाही, हे कबूल. पण व्यवहाराच्या अगदी खालच्या पायरीवर त्या सिद्धान्ताची सावली पडलेली कुठे दिसत असेल तर ती विम्यात दिसते. हजार माणसे एका भांड्यात पैसे टाकतात. त्यांतल्या कोणावर पाळी येणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि हे न ठाऊक असणे हेच त्यांना एकत्र बांधते. वेदान्तात अज्ञान भेदाला कारण होते. इथे मात्र सर्वांचे सारखे अज्ञान ऐक्याला आधार देते. ज्या दिवशी कोण आजारी पडणार हे आधी कळेल, त्या दिवशी निरोगी माणूस भांड्यापासून उठून जाईल आणि आजारी माणसाला हप्त्याच्या नावाखाली आपल्याच औषधाचे बिल भरावे लागेल.

आज खाजगी आरोग्यविम्याच्या धंद्यावर जो ताण आहे तो मुळात हाच आहे, असे माझे मत झाले आहे. 1 जानेवारी 1973 पासून शंभराहून अधिक विमा कंपन्या राष्ट्रीयीकरणाने चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. त्यांनी 1986 साली मेडिक्लेम बाजारात आणली. 2000 सालापासून खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि 2006 पासून केवळ आरोग्याचाच विमा करणाऱ्या कंपन्या आल्या. स्पर्धेने सोय वाढली, यात शंका नाही. पण स्पर्धेतली कंपनी निरोगी तरुणाच्या शोधात असते. रोजची पावले घड्याळात मोजून हप्त्यात सवलत देणाऱ्या योजना आल्या आहेत. काही पॉलिस्यांत शहरांचे पट्टे पाडलेले असतात, म्हणजे जळगावच्या माणसाला हप्ता कमी, पण तो मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला गेला तर बिलाचा काही हिस्सा त्याच्या अंगावर. जळगावचा रुग्ण मोठ्या दुखण्यासाठी नाशिक, पुणे, मुंबई गाठतो हे स्टेशनावर रात्री उभे राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पट्टा पाडणाऱ्याला ते माहीत नसेल असे कसे म्हणावे?

दोष एकाच बाजूचा नाही. 'विमा आहे का?' हा प्रश्न रुग्णालयात दाखल करून घेण्याच्या खिडकीवर पहिला विचारला जातो आणि उत्तरावर खोलीचे व खर्चाचे मान ठरते, असा अनुभव अनेकांना आहे. साध्या तापाला तीन दिवस निजवून ठेवणारे आहेत, आणि गुडघ्याचे ऑपरेशन ठरल्यावर विमा उतरविणारेही आहेत. या सर्वांचा बोजा अखेरीस हप्त्यावर येतो, हप्ता वाढला की धडधाकट माणूस पॉलिसी सोडतो, मागे आजारी उरतात, आणि हप्ता पुन्हा वाढतो. म्हाताऱ्या जोडप्यांची यात कोंडी होते. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 साली नवी पॉलिसी घेण्याची 65 वर्षांची मर्यादा उठविली, पूर्वीच्या आजारासाठी थांबावयाची कमाल मुदत 48 महिन्यांवरून 36 वर आणली, आणि सलग 60 महिने हप्ता भरलेल्याचा दावा, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर नाकारता येणार नाही असे ठरविले. 2025 च्या जानेवारीत ज्येष्ठांचा हप्ता पूर्वसल्ल्याखेरीज वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढविण्यास मनाई केली. आणि त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के कर उठला. या तजविजी मी मनापासून चांगल्या मानतो. विशेषतः ती साठ महिन्यांची. प्रारब्ध भोगूनच सरते असे शास्त्र म्हणते. इथे माणसांनीच माणसाच्या पूर्वसंचिताला एक मुदत घालून दिली आणि तिच्यापुढे उकरणे बंद केले, ही मला थोर गोष्ट वाटते.

तरीही प्राधिकरणाच्या 2023-24 च्या अहवालाप्रमाणे दर शंभर दाव्यांत सुमारे 83 दिले गेले, 11 नाकारले गेले आणि 6 वर्षअखेर प्रलंबित राहिले. त्या अकरांत खरोखरीचे लबाड किती आणि 'आठ-धा वरीस' म्हणणारे किती, हे आकडा सांगत नाही.

आता त्या तिसऱ्याकडे वळतो. मामांच्या स्टेंटचे पैसे कंपनीने दिले असे आपण बोलतो. खरे पाहता ते अशा कोणीतरी दिले की ज्याने त्या वर्षी हप्ता भरला आणि जो आजारी पडला नाही. तो जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर असेल, शिरपूरचा मास्तर असेल, दूर केरळातली परिचारिका असेल. त्याला मामा ठाऊक नाहीत, मामांना तो ठाऊक नाही. हाच माणूस मार्चअखेर घरी म्हणतो, "यंदाचेही पैसे वाया गेले." आमच्याकडे भिशी सर्वांना समजते, कारण तीत प्रत्येकाची पाळी येते. विम्यात पाळी न येणे हेच भाग्य आहे, आणि ते पचवावयास मनाची वेगळी घडण लागते. हे दान नव्हे, कारण त्यात स्वतःच्या रक्षणाची अपेक्षा आहे. सौदाही नव्हे, कारण ज्याचा सौदा सर्वांत तोट्याचा झाला तोच सर्वांत सुखी आहे. धुळ्याच्या त्या तुरुंगात फलत्यागाविषयी जे सांगितले गेले ते मोठ्या साधकांसाठी असेल. पण वाया गेलेला हप्ता कोणाच्या तरी उशाशी उभा राहिला आहे एवढे ज्याला उमगले, त्याने त्या त्यागाचा पहिला घास चाखला, असे मी समजतो.

आणि म्हणूनच कंपनीचे स्थान काय, हा प्रश्न निकडीचा होतो. ते भांडे तिच्या मालकीचे नाही. भांडवल तिचे, परिश्रम तिचे, त्यावरचा रास्त नफाही तिचा. पण भांड्यातली ठेव अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी ठेवलेली आहे, आणि कंपनी तिची विश्वस्त आहे. विश्वस्ताने लबाडाला नाकारलेच पाहिजे, नाहीतर तो प्रामाणिकांचा घात करील. मात्र नाकारताना त्याने न्यायाधीशाप्रमाणे दोन्ही कैफियती ऐकाव्यात, नामंजुरीत आपला लाभ आहे अशा वादीप्रमाणे केसपेपरातली एक ओळ हुडकीत बसू नये. तुलनेसाठी सरकारी योजना पाहावी. महाराष्ट्र शासनाने 2 जुलै 2012 रोजी गरीब कुटुंबांसाठी जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू केली त्यांत धुळे होते, आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे. तीतही अडचणी पुष्कळ आहेत. पण रेशनकार्ड दाखविणाऱ्याला तुला साखर केव्हापासून असे विचारून ती परत पाठवीत नाही, हा फरक आमच्या गावात सर्वांच्या ध्यानात आलेला आहे.

पाटल्या सुटल्यानंतर पुढच्या वर्षी मामींनी स्वतःचा विमा काढावयाचे मनावर घेतले. एजंटला मी फॉर्म भरू दिला नाही. ओसरीवर बसून एकेक रकाना अहिराणीत विचारीत गेलो. रक्तदाबाच्या रकान्यापाशी, किती वर्षांपासून, असे विचारताच मामी काही न बोलता आत गेल्या, आणि पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यात औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. सर्वांत खालची काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "तारीख लिख भाऊ, वरीस नको लिखू."

मी चष्मा पुसला आणि चिठ्ठीवरून उतरवून घेतले: 14 ऑगस्ट 2022.