वेलाचा दासोह



मृगाचा पाऊस झाला की आपल्या परड्यात काकडीचे बी टोकले जाते. शेणखत घातलेल्या आळ्यात दोन सेंटीमीटर खोल दोन-तीन बिया पुरल्या की आठवड्याभरात अंकुर वर येतो. वेल मांडवाला लागतो आणि महिना-सव्वा महिन्यात पिवळी फुले येतात. ही पहिली फुले गळू लागली की घरातली माणसे कष्टी होतात, कोणी वेल उपटूनही टाकतो. पण ती बहुधा नरफुले असतात. मादीफुले मागाहून येतात आणि त्यांच्या मागे इवलीशी काकडी आधीच दिसते. कायक करणाऱ्याने पहिल्याच फुलाकडे फळ मागू नये.

आता मधमाशीकडे पाहा. आपल्या देशी काकडीत नरफुलातील पराग मादीफुलात पोहोचला तरच फळ धरते, आणि ते काम मुख्यतः मधमाशी करते. फूल सकाळी उमलते, म्हणून त्या वेळी वेलावर औषध मारू नये. ही माशी शेजाऱ्याच्या कुंपणावरून येते, कदाचित त्याच्याच वेलावरचा पराग घेऊन. बी तुम्ही लावले, पाणी तुम्ही घातले, हे खरे. तरी 'ही काकडी माझी' असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत, काकडी कोवळी असतानाच काढावी. 'अजून मोठी होऊ दे' म्हणून ठेवली तर ती पिवळी पडते, बी टणक होते. वेलाची शक्ती त्या बियांकडे जाते व नवे फळ धरणे मंदावते. तुम्ही तोडत राहिलात तर वेल देत राहतो. तुम्ही राखून ठेवू लागलात की त्याचाही हात आखडतो.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून दासोह चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी जास्तीचे परत ठेवून यायला सांगितले. घरी दारिद्र्य होते, तरी गरजेपलीकडचा साठा त्या माउलीला नको होता.

आपल्या घरी मात्र भर हंगामात काकड्या टोपलीत सुकतात, कुजतात आणि मग गुरांपुढे जातात. तसे होऊ देऊ नका. मठाच्या दासोहाला द्या, शेजारी द्या. आणि बांधावरून किंवा वाटणीवरून ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी पहिल्या तोड्यातल्या दोन काकड्या तुम्ही स्वतः घेऊन जा. तो घेईल किंवा न घेईल, त्याचा हिशेब मांडू नका. 'मी दिले' हा भाव मनात आला की दासोह सरला, नुसते दान उरले.

देशी वाणाची एक काकडी मात्र हंगामाच्या शेवटी वेलावर पिकू द्या, पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी. त्या बियाण्यातलेही मूठभर वाटा.

शरणु शरणार्थी.