आंतरजालावरील श्रवण आणि संनिधी

शास्त्रज्ञान घरबसल्या हाती येणे साधकाच्या हिताचे की अहिताचे, हा प्रश्न आज पंथात वारंवार विचारला जातो. निरूपणाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकता येते, पोथीची छायाचित्रे पडद्यावर वाचता येतात, आणि मठापासून दूर पंजाबात वा परदेशात राहणारा वासनिकही तेच निरूपण त्याच क्षणी ऐकू शकतो. यास्तव याचा विचार शास्त्रदृष्टीने करणे अगत्याचे आहे.

पहिला पक्ष असा. शास्त्र सर्वांस सुलभ व्हावे हीच पंथाची मूळ भूमिका होय. केशवराज सूरी संस्कृतात रचना करू लागले तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना वारिले. त्यायोगे आपल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. ज्या आचार्यांनी म्हाताऱ्यांसाठी भाषा निवडली, त्यांच्या परंपरेने म्हाताऱ्यांच्या हातातील यंत्राचा तिरस्कार का करावा?

दुसरा पक्ष असा. याच पंथाने पुढे सकळ लिपी सिद्ध केली व ग्रंथ सांकेतिक अक्षरांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत हे वाङ्मय बाहेरील अभ्यासकांस जवळजवळ अज्ञात होते. आंतरजालाला तर अधिकारी-अनधिकारी हा भेदच ठाऊक नाही.

हे पक्ष परस्परविरुद्ध भासतात. वस्तुतः तसे नाहीत. आचार्यांनी भाषा सुलभ केली, पण श्रवणाचा संबंध तोडला नाही. लिपीने अक्षर झाकले, पण गुरूजवळ बसून जो ती शिकला त्याच्यापासून काहीही झाकले नाही. दोन्ही ठिकाणी ज्ञान मनुष्याकडून मनुष्याकडे गेले. तेव्हा विचार करावयाचा तो हा की, शास्त्र कोणाच्या संनिधीत आणि कोणत्या प्रसंगासह ग्रहण केले जाते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची सूत्रे अमुक भक्ताला, अमुक प्रसंगी निरूपिलेली आहेत. प्रसंग सुटला की अर्थ सुटतो, हे ओळखूनच पंथात 'प्रकरणवश' ग्रंथ झाला. आज सूत्रातील एखादे वाक्य सुशोभित चित्रावर लिहून सकाळच्या दंडवतासह शंभर जणांस धाडले जाते. धाडणाऱ्याचा भाव शुद्ध असतो. पण संन्याशास केलेले त्यागाचे निरूपण अशा रीतीने एखाद्या संसारी घरात पोचते आणि तेथे सासू तेच सुनेविरुद्ध प्रमाण म्हणून पुढे करते. येथे सूत्र खरे असूनही त्याचा उपयोग खोटा ठरतो.

म्हाइंभटांनी श्रीनागदेवांकडून लीळा ऐकल्या. परंतु तेवढ्यावर न थांबता, ज्यांच्या समक्ष त्या घडल्या त्यांना गाठून पडताळणी केली. लिहिण्यापूर्वी ज्यांनी एवढी पायपीट केली, त्यांच्या वारसांनी हाती आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलावा, हे उचित नव्हे.

शंका : जो रुग्ण आहे, परदेशस्थ आहे, त्याने काय करावे? समाधान : त्याने अवश्य ऐकावे. त्याला हे साधन उपकारकच आहे. परंतु ध्वनिमुद्रण श्रोत्याच्या मुखावरील संदेह पाहत नाही, चुकल्या आचाराबद्दल रागे भरत नाही. म्हणून त्याने आपली शंका महंतांकडे पोचवावी, आणि महंतांनीही तिचे उत्तर देणे हा आपला धर्म मानावा.

ज्याचे पाय धड आहेत व मठ जवळ आहे, त्याची गोष्ट निराळी. तो घरीच ऐकू लागला तर त्याची स्वतःची हानी अल्प होईलही. पण पाठाच्या वेळी त्याच्या शेजारी बसणाऱ्या, दृष्टी मंदावलेल्या वृद्धाला पोथी वाचून दाखविणारा कोणी उरत नाही. आचार्यांना ज्यांची चिंता होती, ती हीच माणसे. श्रवण यंत्रावर झाले तरी चालेल. मात्र ऐकून उठल्यावर पाऊल कोणाकडे वळते, हे प्रत्येक साधकाने स्वतः तपासून पाहावे.