हातचा येईपर्यंत

निवृत्त गणितशिक्षकांनी कागदावर ओळीने नऊ एक लिहिले आणि त्यांचा वर्ग केला : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, संख्या तीच. सॉफ्टवेअरमध्ये रुळलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने तोच गुणाकार एक्सेलमध्ये केला. शेवटचे २१ गायब, त्यांच्या जागी दोन शून्यं. एक्सेल पंधरा अंकांपुढचं धरत नाही.

“बघा सर, यंत्राला या देखणेपणाचं सोयरसुतक नाही. हा गुण संख्येचा नव्हेच, आपल्या लिहिण्याचा आहे. हीच संख्या आठाच्या पायावर लिहा. सुरुवात ५ ने, शेवट १ ने. गेली की नाही सगळी शोभा? ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या मात्र तिला भागायच्या थांबत नाहीत, कुठल्याही पायावर लिहा.”

“म्हणजे कापरेकरांनी आयुष्यभर अक्षर गिरवलं म्हणतेस?”

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना अशा संख्यांची कल्पना डोंबिवली स्टेशनात सुचली आणि त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटलं.

“मी नाही, हार्डी म्हणतात,” तिने बाजू दुसऱ्यावर ढकलली. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ची उदाहरणं घेतली आहेत. २१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१; दोन्हीकडे अंक नेमके उलटे. वर्तमानपत्रातल्या कोड्यांना हे ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्यांचा निकाल. शेरा तुसडा खरा, पण खोडून काढायला अवघड.

सरांनी वाद घातला नाही. कागदावर उभा गुणाकार मांडला : एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. “आता उभे रकाने मोज. एक, दोन, तीन... मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. यात दहा कुठे आला? पाया सोळा घेतलास तरी नऊ एकांच्या वर्गात हेच अंक याच क्रमाने येतील.”

“पण ती संख्या वेगळी असेल.”

“असू दे. रचना बहुपदीच्या वर्गाची आहे, हे सहगुणक तिचे. दहा फक्त हातचा कधी येणार ते ठरवतो.”

तिने दहा एकांचा वर्ग केला, या वेळी हाताने : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा भरले, हातचा डावीकडे गेला, आठ नाहीसा झाला आणि आरसा फुटला.

“म्हणजे श्रेय बहुपदीचं, डेमलोचं नाही,” ती अजून अडून होती.

“बहुपदी बघायला आपण गेलो कशामुळे?”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पटलं होतं असंही नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. तेही सदर गणिती करमणुकीचंच होतं, हे तिने सुनावलंच.

“आपल्याला बारा बोटं असती तर?” तिने विचारलं.

“तर अकरा एकांपर्यंत हातचा आला नसता. कापरेकरांना आणखी दोन ओळी मिळाल्या असत्या.”