चित्र आणि चित्रकार

हौशी चित्रकारांच्या मंडळात कोणी आपले चित्र पुढे ठेवून मत विचारतो, तेव्हा आपण चित्राविषयी बोलावे की त्याच्या योग्यतेविषयी?

१८८५ साली व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 'बटाटे खाणारे' या चित्राची शिळाछाप प्रत आपला चित्रकार मित्र अँथन व्हॅन रॅपार्ड याला पाठविली. रॅपार्डने मागच्या स्त्रीचा हात, किटली, माणसाचा गुडघा असे दोष दाखविले. इथवर ती मदतच होती. हात पुन्हा रेखाटता येतो. परंतु असे काम करून मिलेसारख्या थोर चित्रकाराचे नाव घेण्याचे धाडस कसे होते, असेही त्याने विचारले. व्हिन्सेंटने पत्र परत धाडले. पाच वर्षांचा स्नेह त्यानंतर फार टिकला नाही.

रॅपार्ड खोटे बोलला नव्हता, हेच मला अस्वस्थ करते.