आधी पंगतीचं बोलू

वह्या मिटा. आज पाठांतर घेणार नाही. दृढीकरण तोंडावर आलंय आणि तुमची प्रश्नोत्तरं तोंडपाठ आहेत, हे मला ठाऊक आहे. ‘कृपा म्हणजे काय?’ एवढं विचारायचा अवकाश, की सगळे एका सुरात सांगता, लायकी नसताना झालेली देवाची मेहेरबानी. छान. मग परवाच्या प्रीतिभोजनात काय दिवे लावलेत?

सतरंज्या तुम्ही अंथरल्यात, वाढपी तुम्हीच होतात. नव्यानं मंडळीत आलेलं ते कुटुंब, आईबाप आणि दोन मुली, पार चपलांच्या ढिगाशेजारी बसलं होतं. त्यांच्या आणि बाकीच्या पंगतीच्या मधे चार माणसं बसतील एवढी जागा रिकामी. मी दारातून बघत होते. रश्श्याची बादली घेतलेला पहिल्या ओळीत दोन-दोनदा थांबला, ‘घ्या ना काका’ करत. त्या टोकाला पोचला तेव्हा त्यानं पळी वरूनच उपडी केली, ताटाला लागू नये अशी. गरम रस्सा धाकटीच्या फ्रॉकवर सांडला. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी पुढं केला नाही. आईनं पदरानं फ्रॉक पुसला आणि खाली मान घालून जेवत राहिली.

वाढणारा कोण, ते मला माहीत आहे. नाव घेणार नाही. कान लाल झालेत त्याचे, तेवढं आजच्यापुरतं पुरे.

आणि विचारल्यावर वर उत्तर काय, तर ‘बाई, आम्ही कुठं नियम केलाय? ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं बसावं, ख्रिस्तात मोकळीक आहे.’ मोकळीक! गलतीकरांस पत्राच्या जिवावर हे बोलता, ते पत्र कधी उघडलंय का? पौलाच्या बहुतेक पत्रांत सलामानंतर आभार येतात. इथं आभारबिभार नाहीत, सलाम झाला की थेट खरडपट्टी. तिसऱ्या अध्यायात तर वाचणाऱ्यांना बुद्धिहीन म्हणून मोकळा होतो. नुसत्या विश्वासानं आत आलेल्या परराष्ट्रीयांना लोक सांगू लागले होते की सुंता करा, मगच तुम्ही पक्के. म्हणून तो संतापलाय. आणि मुद्दा पटवायला त्यानं गोष्ट कुठली काढली? जेवणाची.

गाव अंत्युखिया, आज तुर्कस्तानात अंताक्या म्हणतात ते. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं ते याच गावात, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११. आपलं बारसं जिथं झालं तिथंच पंगत फुटली, म्हणजे बघा. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीत खुशाल जेवत होता. याकोबाकडची माणसं आली, तसा हळूहळू मागं सरला आणि वेगळा बसू लागला. त्याच्या मागोमाग बाकीचे यहूदी. बर्णबासुद्धा! पेत्रानं काही चुकीचा उपदेश केला नव्हता, फक्त बसायची जागा बदलली होती. तेवढ्यावरून पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर झापलं, कारण असं बसल्यानंच सुवार्तेला हरताळ फासला जातो. तो पेत्र होता. तुमचा मुलाहिजा मी का ठेवू?

बरं, पेत्राला कळत नव्हतं असंही नाही. यापोच्या गच्चीवर त्याला देवानं शुद्ध केलेलं अशुद्ध मानू नको असा दृष्टान्त झाला होता, कैसरीयात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी तो जाऊन आला होता. तरी आपल्याच माणसांना भ्याला. तुम्ही पहिल्या ओळीतल्या काकांना भ्यालात.

काकांचंही बोलते, मागं बोलायची मला सवय नाही. स्थळ आलं की यांचा पहिला प्रश्न, ‘ख्रिस्ती आहेत ते झालं, पण मूळचे कोण?’ नगरकडं मिशनच्या मंडळ्यांत आले ते बहुतेक महार-मांग समाजातले लोक. गावाच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नव्हते. त्यांचीच पणतवंडं चर्चच्या अंगणात वरून रस्सा ओततात! कुठं फेडाल हे?

सवय मोडायला वेळ लागतो, असं कोण पुटपुटलं मागं? लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाच. त्यांच्या यजमानांचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ चा. पुढं लक्ष्मीबाई नांदायला परत आल्या त्या सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ते सोवळं कुणी भाषण ठोकून सोडवलं नाही. स्वतःशीच विचार करकरून त्यांना पटलं की जात माणसानं केलेली आहे, आणि सुटलं. त्यांचा बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा. पाण्याबाहेर असताना त्या बाईला जे जमलं, ते तुम्हाला पाळण्यात बाप्तिस्मा मिळूनही जमेना.

काल तुमच्यातल्याच एकानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाचं चित्र पाठवलं. खाली विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन, देवाची दया रोज सकाळी नवी होते ते. भोजनाच्या दुसऱ्याच दिवशी! ते पुस्तक कशावर आहे, ठाऊक आहे? बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं. भुकेनं आयांनी पोटची पोरं शिजवली, हेही त्याच पुस्तकात आहे. त्या राखेत बसून कुणीतरी म्हणतो की देव विश्वासू आहे. त्याच्या ताटात काहीच नव्हतं. तुम्ही तेच वचन दुसऱ्याच्या ताटाकडं बघावं लागू नये म्हणून वापरता. आपण चुकलो तरी देव सोडत नाही, हे खरंच आहे, त्यावर माझा जीव टिकून आहे. पण कर्जमाफीच्या यादीत आपलं नाव दिसलं, की त्याच संध्याकाळी मजुराच्या उचलीपायी त्याची सायकल ओढून आणायची, हा कुठला न्याय? मत्तय १८ मधल्या चाकराला दहा हजार तालांत माफ झाले. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. करा गुणाकार. ६ कोटी दिवस येतात. बाहेर पडल्या पडल्या त्यानं सोबत्याचा गळा धरला तो १०० दिवसांच्या मजुरीसाठी. त्या कुटुंबाकडं तर तुमचं एका दिनाराचंही येणं नाही.

आता ऐका. गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचनं ११ ते २१, रविवारी वाचून यायचं. उपासनेनंतर चहा तुम्ही द्यायचा आणि आपला कप घेऊन त्यांच्या शेजारी बसायचं. घोळक्यानं जाऊन माफी मागायचं नाटक नको, ती माणसं आणखी अवघडतील. ज्यानं रस्सा सांडला त्यानं तेवढं एकट्यानं जाऊन बोलावं. बाकीच्यांनी त्या धाकटीला नाव विचारा, कितवीत आहे ते विचारा. इतके रविवार झाले, एकाला तरी तिचं नाव माहीत आहे का?

आणि काकांनी हटकलं, तर बाईंनी बसवलं असं सांगायचं नाही. मीच बसलो म्हणायचं.